वाघ झालो अन् शिवंभाईर पडलो

लोक काशीला जाऊन येत्यात अन् मंग वरीसभर गावाला सांगत बसत्यात. मी करंजवाडीला जाऊन आलो. करंजवाडी म्हंजी चाकणच्या पल्याड, डोंगराच्या कुशीत, माजी सासरवाडी. तुमी कुनी तिकडं गेला नसाल, जायाचं कारन बी न्हाई. पर बायको आनायला शेपूट घेऊन गेलेला अन् अंगानं पिवळा होऊन परत आलेला मानूस चिंचवडात मी एकलाच, म्हनून सांगतो. लिवनं मला येत न्हाई. मी बोललो तसं मास्तरांनी लिवलंय. चूक असल ती त्येंची, थाप असल ती माजी.

चिंचवड

माज्या आईचं मूल जगत नव्हतं. तवा तिनं मोहरमच्या ताबुताला नवस बोलला, प्वार जगलं तर वाघ करीन. मी जगलो, अन् दर साली ताबुतात वाघ झालो. अंगाला पिवडी, तिच्यावर काजळीचं पट्टे, डोक्याला कानटोपी, कमरंला काथ्याचं शेपूट अन् शेपटाला हा एवढा गोंडा. हलगी वाजाया लागली की मी अशी उडी मारायचो की बायाबापड्या पोरं उचलून घ्यायच्या. खरा वाघ म्या कंदी बघितला नव्हता. सगळं आमच्या घरातल्या बोक्याकडनं शिकलो व्हतो, अन् त्यो बोका उंदराला भ्यायचा.

त्या साली ताबूत अन् दिवाळी पाठोपाठ आली. ताबुताच्या आदी मला डरकाळीची तालीम करायची व्हती. घरात आई करू देईना, म्हनून गोठ्यात गेलो. तिथं आमची म्हस चंद्री. ती माज्या बायकोला, हौसाला, माहेरानं आंदन दिलेली. हौसा खाली बसून धार काढत व्हती. म्या मागनं जाऊन डरकाळी फोडली.

म्हशीनं दावं तोडलं, खुटा उपटला, हौसाला चरवीसकट पालथी घातली अन् थेट नदीपत्तुर गेली. दूध सगळं हौसाच्या डोक्यावर. तिनं पदरानं तोंड पुसलं अन् शांतपनी इचारलं, "तुमी वाघ व्हनार का मानूस ऱ्हानार, एक काय ते ठरवा."

मी म्हनालो, "डरकाळी कशी झाली ते सांग की."

हितं चुकलं. त्या दिसापासनं म्हशीनं पान्हा चोरला, मला बघितलं की डोळं पांढरं करायची. अन् ताबूत झाल्याच्या दुसऱ्या सकाळी हौसा म्हशीचं दावं धरून माहेरी निघून गेली. नवऱ्याला टाकून जानाऱ्या बाया लई बघितल्या, पर म्हस बरुबर घेऊन जानारी हीच.

मंग एका कांद्याच्या व्यापाऱ्यासंगं तिचा निरोप आला. 'समदं सोंग घेऊन या. माज्या हातानं चुलीत घालते, मंग येते.'

आई म्हनाली, "दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला सून घरात पायजे, बबन्या. सुनंबिगर आलास तर तुजं तोंड बघनार न्हाई."

"अन् म्हशीबिगर आलो तर?"

"तर येऊच नकोस."

मोशी, चाकण

शेपूट, कानटोपी, काजळीची डबी असं गाठोडं बांधलं. त्यात पिवळ्या रंगाचा एक डबा बी टाकला. छकड्यांना रंग देनारा आमचा एक दोस्त हाय, त्येनं दिलेला तेलरंग. देताना म्हनला व्हता, "राव, अंगाला लावू नको, निघायचा न्हाई." म्हनून ताबुतात वापरला नव्हता. हौसानं समदं म्हनलं म्हंजी समदं.

चिंचवडासनं मोशीपत्तुर पायी गेलो. मोशीत इंद्रायनीला पानी चांगलं व्हतं. मनात आलं, शेपूट हितंच सोडून द्यावं, बायकोचं काम हलकं व्हईल. हात घातला गाठोड्यात, गोंडा हाताला लागला, अन् डोळ्यांत पानी आलं बगा. सोताचं शेपूट तोडताना मानसाला काय वाटतं ते कुनी सांगितलेलं न्हाई. परत बांधलं अन् नाशिकची एस्टी धरली.

एस्टीत गाठोड्यातनं गोंडा भाईर आला अन् म्होरच्या म्हातारीच्या मानंला लागाया लागला. ती दोनदा मागं वळून बघती. तिसऱ्या टायमाला म्हनाली, "पाव्हनं, तुमचं जनावर आवरा."

"मावशी, जनावर न्हाई, शेपूट हाय."

"मंग बाकीचं कुटं ठिवलं?"

"तेच आनायला चाललोय."

म्हातारीनं जागा बदलली.

चाकणला उतरलो तर कांदाच कांदा. आमच्याकडं बाजारात गेल्यावर मानूस 'काय भाव' इचारतो, हितं आदी कांदा हातात घेऊन दाबतो, वास घेतो, अन् मंग नाक वाकडं करून भाव इचारतो. म्या बी एक दाबला. व्यापारी म्हनला, "घ्यायचा का?" न्हाई म्हनलं. म्हनला, "मंग नाडी कशाला बघतोस?" त्योच माजा निरोप्या निघाला. त्येनं कांदा-भाकर दिली, वर मिरचीचा ठेचा. ठेचा असा की मला एस्टीतली म्हातारी परत दिसली.

चाकणपासनं मावळतीला भामा नदीच्या काठानं चालत सुटलो. काळी रानं संपली अन् तांबडी माती लागली. खाचरातनं भात पिवळा पडलेला, कडंला कारवीची झुडपं, वर डोंगर. वाट चांगली. एकच वाईट, की तिच्यावर मी सोडून कुनी नव्हतं.

करंजवाडी

वाडीत शिरायच्या आदी शिवंवर एक शेंदूर लावलेला धोंडा हाय. त्येच्यावर वाघ कोरलाय. कोरनाऱ्यानं बी माज्यासारखा बोकाच बघितला असावा. तिथंच सासरं भेटलं, मामा. खांद्यावर कोयता, मागं मेव्हना धोंड्या.

"जावयबापू, पायाखाली बगा," मामा म्हनलं.

धुरळ्यात पंजा उमटला व्हता. माजा तळवा बसला असता एवढा.

"कुत्रं?" म्या इचारलं.

"कुत्र्याची नखं दिसत्यात. ही दिसत्यात का? नखं आत ठिवतोय. सकाळी गेलेत वाघोबा हितनं."

आमच्याकडं वाघ म्हंजी छाती, मिशा, पैलवान. तालमीच्या दारावर काढत्यात. करंजवाडीत वाघ म्हंजी शेजारी. त्येच्या येन्याजान्याचं असं बोलत्यात जसं काय पल्याडच्या आळीतला तात्या. नुसतं 'वाघ' म्हनत न्हाईत, वाघोबा म्हनत्यात. धोंड्यानं मला चालता चालता समदं सांगितलं. हा ढाण्या न्हवं, बिबळ्या. अंगावर पट्टे नसत्यात, ठिपके असत्यात, फुलावानी, मधी पोकळ. वाडीतलं कुत्रं पयलं उचलतो. शेळी तोंडात धरून झाडावर चढतो. समोर आला तर पळायचं न्हाई, पाठ दिसली की त्येला भूक आठवती.

"अन् डरकाळी?" म्या इचारलं, कारन तो माजा इषय.

"डरकाळी कसली? करवतीनं लाकूड कापल्यावानी आवाज करतो, त्यो बी मनात आलं तर. न्हाईतर आला कवा, गेला कवा, कुत्र्याच्या मालकाला सकाळी कळतं."

मला जरा वाईट वाटलं. एवढी वर्सं मी पट्टे वढून गावभर बोंबलत हिंडलो व्हतो.

हौसा चुलीपाशी व्हती. बोलली न्हाई, पर ताटात नाचनीची भाकरी अन् खेकड्याचं कालवन वाढलं, अन् खेकड्याची नांगी मोठी दिली. म्या मनात म्हनलं, निम्मं काम झालं. जेवन झाल्यावर ती म्हनाली, "आना गाठोडं."

तेवढ्यात भाईर मानसं आली. म्होरं वाडीचा भगत, इठूबाबा, सुकलेल्या शेंगंवानी म्हातारा. दुसऱ्या दिशी वाघबारस व्हती. त्या दिशी समदी गुराखी मानसं शिवंवरच्या वाघोबाला खीर करत्यात, अन् एकजन वाघ व्हतो. दर साली व्हनारा गडी ममईला गिरनीत लागला व्हता. वाडीला वाघ मिळत नव्हता. अन् माज्या गाठोड्यातनं गोंडा भाईर आलेला.

"पाव्हनं वाघ व्हत्यात म्हनं," इठूबाबा म्हनला.

म्या नुसतं शेपूट हातात घेतलं.

हौसानं मला परसात बोलावलं. "होऊ नका. हितला वाघ तुमच्या ताबुतातल्यावानी नस्तो."

"अगं, शेवटचं एकदा. उद्या सांजंला घाल चुलीत. सासरवाडीत मान मिळतोय तर घेऊ दे."

"हितं वाघाला मान नस्तो मिळत."

"मंग काय मिळतं?"

"बगालच की," ती म्हनाली, अन् पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, रडती. ती हसत व्हती, हे मला मागनं कळलं.

वाघबारस

करंजवाडीचा वाघ राख फासून व्हतो. म्या म्हनलं, राख ती कसली? चिंचवडचा वाघ बगा. डबा फोडला अन् तेलरंग टाळूपासनं टाचंपत्तुर चोपडला. ठिपकं काढायला गेलो, त्येंचं शेनाचं गोळं झालं, म्हनून परत पट्टेच वढलं. शेपूट बांधलं. अंग असं चकाकाया लागलं की माशी बसली ती उठली न्हाई.

शिवंवर समदी वाडी जमली व्हती. खिरीचं पातेलं रटरटत व्हतं. म्या उडी मारली, कोलांटी घेतली, डरकाळी फोडली. कुनी पोर उचललं न्हाई. एक पोरगं त्येच्या आज्याला म्हनलं, "आबा, ह्येला काय चावलंय का?"

इठूबाबा म्होरं आला, काठी आपटून म्हनला, "वाघोबा, आमच्या शिवंत येशील का?"

आता मला वाटलं, हा सवाल-जवाब हाय. अन् वाघ म्हनल्यावर भित्रा जवाब कसा द्यायचा? म्या छाती काढली अन् गरजलो, "येनार. रोज येनार."

पातेल्यात डाव हलवनारी बाई थांबली.

इठूबाबा हळूच म्हनला, "पाव्हनं, नीट ऐका. येशील का आमच्या शिवंत? खाशील का आमची गुरं?"

"खानार. तुजी म्हातारी म्हस पयली खानार."

मंग काय झालं ते सगळं मला सांगता येनार न्हाई, कारन माजी पाठ तिकडं व्हती. शेनाचं गोळं आलं, ढेकळं आली, कारवीच्या काठ्या आल्या. सोंगातला मार असतो तसा न्हाई. माज्या सासऱ्यांचा नेम मला त्या दिशी कळला. ती गंमत न्हाईच मुळी. वाघानं समद्यांच्या देखत कबूल करायचं असतं की मी येनार न्हाई. त्येच्या भरवशावर ती मानसं वरीसभर पोरांच्या हाती गुरं देऊन डोंगरात धाडत्यात. अन् मी त्येंच्या तोंडावर म्हशी खायचा करार करत व्हतो.

"बोल, येशील का?"

"न्हाई येनार."

"शपत घे."

"वाघोबाची शपत. मी ह्या शिवंत परत पाय ठिवनार न्हाई."

"कुटं जाशील?"

"सात डोंगर पल्याड," म्या म्हनलं, अन् धोंडा ओलांडून जीव घेऊन पळालो. मागं समदी वाडी खूश होऊन वरडत व्हती. अख्ख्या जल्मात माज्या सोंगाला एवढी दाद मिळाली न्हवती.

शिवंच्या पल्याड

दम खाल्ला अन् परत वाडीकडं निघालो. धोंड्यापाशी धोंड्या मेव्हना उभा.

"दाजी, थांबा तिथंच. पाय ठिवू नका."

"अरं, झालं की सोंग. खीर खायचीय मला."

"शपत घेतली न्हवं?"

"ती वाघानं घेतली. मी जावई हाय."

त्येनं मागं बघितलं. इठूबाबा मान हलवत आला. "जावई वाघाच्या आतच हाय की. फिरून येनारी वाघबारस होईतवर वाघाचा शबुद. त्यो मोडून तुमी आत आला, अन् उद्या कुनाचं वासरू गेलं, तर वाडी कुनाकडं बघल?"

"मंग दर सालचा वाघ कसा येतो घरी?"

"त्यो अदुगर 'न्हाई' म्हनतो. मंग आमी त्येला खीर देऊन मानूस करून घेतो. तुमी म्हशी खातो म्हनलात. तुमाला आत घ्यायची वाडीची हिंमत न्हाई."

म्हंजी आता बगा. बायको शिवंच्या आत, मी भाईर. दिवाळी दाराशी आलेली. घरी आईला काय सांगू, की तुजी सून वरीसभरानं येईल, कारन तुजा ल्योक बिबळ्या झालाय? म्या धोंड्याला म्हनलं, हौसाला सांग, मी हितं बसलोय. त्यो गेला. बायाबी वाघोबाम्होरं निवद ठिवून गेल्या. शिवंच्या ह्या अंगाला मोठं उंबराचं झाड हाय, त्येच्याखाली मी बसलो. पोट पाठीला लागलेलं, अन् समोर पळसाच्या पानावर वाघोबाची खीर. इचार केला, आज वाघोबा कोन? मीच की. खाल्ली.

रंग सुकून कातडं वढाया लागलं व्हतं. शेपूट चिकटलं व्हतं ते सोडून बाजूला ठिवलं. ऊन कलतं झालं. वर वानरं एकदम खोकल्यावानी वरडाया लागली अन् तशीच गप झाली. म्या मान फिरवली.

त्यो तिथं व्हता. आला असं न्हाई, व्हता. कारवीतनं निम्मा भाईर, सुकलेल्या गवतावर सुकलेल्या गवतावानीच. बोक्यापेक्षा लई मोठा, पर तालमीच्या दारावरच्यापेक्षा किती बारका. अंगावर ती फुलं. मिशा पांढऱ्या. खांद्याची हाडं कातड्याखालनं वर-खाली झाली, बाकी काय बी हललं न्हाई.

पळायचं न्हाई, हे मला आठवलं. झाडावर चढावं म्हनलं, तर त्यो चढतो, हे बी आठवलं. डरकाळी फोडावी म्हनलं. म्या तोंड उघडलं. आत काय बी नव्हतं.

त्येनं माज्याकडं बघितलं. पट्टे बघितलं. शपतेवर सांगतो, मला लाज वाटली. कुनी मोठ्या मानसाचा कोट घालून हिंडावं अन् रस्त्यात त्योच मानूस भेटावा, तसं झालं. तो म्होरं आला, वास घेतला, अन् तेलरंगाचा भपकारा नाकात गेला तसा शिंकला. शिंकला, अगदी आमच्या बोक्यावानी. मंग त्येला शेपूट दिसलं. एक पंजा टाकला, गोंडा उडाला. परत टाकला. मांजराचं पिल्लू दोऱ्याशी खेळतं तसा जरा वेळ खेळला. मंग शेपूट तोंडात धरलं अन् सोताचं शेपूट वर करून, खालची पांढरी बाजू मला दावत, कारवीत गेला. पानाचा आवाज न्हाई.

मी तसाच बसून ऱ्हायलो.

तेवढ्यात शिवंवर हौसा आली. डोक्यावर गाठोडं, हातात चंद्रीचं दावं. वाघोबाच्या धोंड्याच्या आतल्या अंगालाच उभी ऱ्हायली.

"खीर खाल्ली वाटतं," ती म्हनाली.

म्या मान हलवली.

"बा म्हनतोय, आता वरीसभर तुला न्यायला कोन येनार न्हाई. गेलीस तर आज जा. आना शेपूट. हितंच पेटवते, मंग येते."

"शेपूट न्हाई," म्या म्हनलं.

"कुटं लपवलं?"

"बिबळ्या घेऊन गेला."

"निदान आज तरी थाप मारू नका."

"अगं, खरंच."

"बरं. मी जाते माघारी," ती म्हनाली अन् वळली. आता मला सांगा, मी काय करू? तिच्यामागं जायाला शिव ओलांडता येत न्हाई. खोटं बोलून वाचायची सवय, अन् आता खरं बोलून बायको चाललेली. म्या म्हनलं, "हौसा, तू माज्यावर इश्वास ठिवू नको. म्हशीला हिकडं आन. तिला इचार."

ती थांबली. मंग चंद्रीचं दावं ढिलं सोडलं. चंद्री धोंडा ओलांडून चार पावलं आली, धुरळ्याला नाक लावलं अन् तिथंच थिजली. नाकपुड्या फुगल्या, अंगावरचा केस न् केस उभा ऱ्हायला. हौसा तिच्या मागनं आली, खाली वाकली. ताजा पंजा, नखं आत. बाजूला काथ्या घासत गेल्याची रेघ, पार कारवीपत्तुर.

अन् चंद्री, जी मला बघून डोळं पांढरं करायची, ती दावं वढून माज्याकडं आली अन् माज्या पिवळ्या अंगाला मान घासून, मला चिकटून उभी ऱ्हायली.

हौसा बसकन मारून हसाया लागली. डोळ्यांतनं पानी येईतवर हसली. "अवो," म्हनाली, "तिला खरा कळला, तवा तुमी मानूस वाटला."

तिच्या ध्यानात आलं का न्हाई ठावं न्हाई, पर ती शिवंच्या भाईर येऊन बसली व्हती. बोलून बिघडवायची ही येळ नव्हती.

परत

म्हशीला एस्टीत घेत न्हाईत, अन् पिवळ्या मानसाला बी घ्यावं का न्हाई ह्याचा कंडक्टरनं लई इचार केला असता. म्हनून चालत आलो. म्होरं हौसा, मधी म्हस, मागं मी. चाकणला मुक्काम त्या कांद्यावाल्याच्या पडवीत. त्येनं मला अंगापायाला दाबून बघितलं, वास घेतला अन् हौसाला म्हनला, "वैनी, हा टिकनार न्हाई, लवकर काढून टाका." रॉकेल दिलं. रॉकेलनं पट्टे गेलं, पिवळा ऱ्हायला.

चिंचवडात शिरलो तवा पोरं मागं लागली. दाराशी आई उभी. तिनं आदी म्हस बघितली, मंग सून बघितली, अन् मंग माज्याकडं बघून म्हनाली, "ह्यो कोन?"

हौसानं चंद्रीला गोठ्यात बांधलं अन् गोठ्याच्या दारात आडवी उभी ऱ्हायली. सगळी आळी जमली व्हती. तिनं हातात काठी घेतली, इठूबाबावानी आपटली.

"वाघोबा, आमच्या गोठ्यात येशील का?"

मी आता शिकलो व्हतो. "न्हाई येनार."

"शपत?"

"शपत. सात डोंगर पल्याड जातो."

आतनं आई म्हनाली, "अगं, एवढ्या लांब नको धाडू. शेन कोन काढनार?"

तवापासनं त्या गोठ्यात मला शेन काढायपुरता परवाना हाय.